वाड्याच्या छपरावर टाकी नको

महाल, नागपूर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंना आता बंब पेटवणं झेपत नाही, म्हणून वाड्याला सोलर हीटर लावतोयस हे वाचून फार बरं वाटलं. पण तो बसवणारा माणूस माडीच्या छपरावरच टाकी ठेवू म्हणतोय, हे वाचल्यावर मला राहवेना. ते अजिबात होऊ देऊ नकोस.

२०० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच २०० किलो, वर टाकी, स्टँड, काचेच्या नळ्या. तुमचे सागवानी वासे कवेलूंचं वजन सगळ्या छपरावर सारखं पसरून पेलतात. चार पायांवर एकवटलेला एवढा भार त्यांनी कधी सोसलेला नाही. आमच्या गल्लीतल्या एका वाड्यावर असंच बसवलं. स्टँडच्या पायांशी कवेलू फुटले, पावसाचं पाणी वाशावरून ओघळत भिंतीत गेलं आणि तिथलं म्यालाचं, म्हणजे आडव्या तुळईचं, टोक कुजलं. मी बोटानं दाबून पाहिलं, लाकूड ओल्या भुशासारखं हातात आलं. त्यावर कारागिरानं सिमेंटचा गिलावा चोपडला! चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंटनं ती आतच कोंडली. इतकं सोन्यासारखं लाकूड, पाहून जीव तुटला रे.

मुळात पाणी वर न्यायचंच कशाला? तुमचं न्हाणीघर तळाला, मागे विहिरीजवळ. मग सोलरही मागच्या अंगणात, सांदवाडीतच, चौथऱ्यावर बसव. नळ्यांतलं तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वरच्या टाकीत चढतं, पंप लागत नाही. फक्त गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीहून उंच हवी. रस्त्यावरून वाड्याचं तोंडही जसंच्या तसं दिसेल.

खरी अडचण सावलीची. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे २० फूट भिंतीची सावली उत्तरेला २० फूटच पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला त्याहून कितीतरी लांब. तुमच्या दक्षिणेला शेजाऱ्यांची दुमजली भिंत आहे, तेव्हा चौथरा तिच्यापासून जमेल तितका दूर घे. नळ्यांचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण ३५ अंश, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन नीट मिळेल. उन्हाळ्यात इथं नळाचंच पाणी चटका देतं, तेव्हा सोलरच्या नळ्यांवर सरळ हिरवी जाळी टाकून ठेव.

बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट प्रकार घेऊ नकोस, क्षारांनी तुंबतो. आणि वाडा हेरिटेजच्या यादीत आहे का, हे महापालिकेत आधी विचार. असला तर परवानगी घेतल्याशिवाय खिळाही ठोकू देऊ नकोस.

त्या माणसाला आगाऊ पैसे देऊ नकोस. पुण्याहून निघालास की फोन कर, टेप घेऊन मी येतो, दोघं मिळून सांदवाडी मोजू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मधू