तापमान खोलीचे नव्हे, पिंपातल्या रसाचे मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करणाऱ्यांविषयीचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. माल्ट आणि हॉप्सची माहिती चांगली आहे. लागर बिअरच्या (थंडाव्यात आंबवून मुरवलेल्या बिअरच्या) बाबतीत मात्र ‘पिंप 12 अंशांच्या थंड खोलीत ठेवावे’ एवढ्या एका ओळीवर भागवले आहे. त्या ओळीवर विसंबून कुणी लागर केली तर ती बिघडण्याचीच शक्यता जास्त.

यीस्ट साखर खाताना उष्णता सोडते. 20 लिटर रस, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा, जोरात फसफसत असतो तेव्हा तो भोवतालच्या हवेपेक्षा 3 ते 5 अंशांनी सहज गरम होतो. खोलीतला तापमापक 12 दाखवतो आणि पिंपाच्या आत 16 असतात. डब्ल्यू-34/70 सारखे यीस्ट एवढी ऊब सोसते, पण लागरची बरीच यीस्ट सोसत नाहीत. मग बिअरला फळांसारखा वास येतो आणि लागरची स्वच्छ, माल्टची चव हरवते. तापमान सांभाळायचे ते रसाचे, आणि तेही पहिले तीन-चार दिवस डोळ्यांत तेल घालून. यीस्टची वाढ त्याच दिवसांत होते आणि नको त्या चवींचा पाया तेव्हाच पडतो.

साधन फार महाग नाही. बर्फाचा कप्पा नसलेला जुना उभा फ्रिज आणि इंकबर्ड आयटीसी-308 सारखा दोन सॉकेटचा तापमान-नियंत्रक पुरतो. एका सॉकेटला फ्रिज, दुसऱ्याला 40-60 वॉटचा छोटा हीटर. नियंत्रकावर 11 अंश, दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाची सूट आणि कंप्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी किमान 5 मिनिटांची विश्रांती लावावी. खरी मेख आहे ती प्रोबची, म्हणजे नियंत्रकाच्या वायरीच्या टोकाला असलेल्या तापमापकाची. तो हवेत लोंबकळत ठेवला तर दार उघडताच फ्रिज सुरू होतो, कंप्रेसर सतत चालू-बंद होत राहतो आणि रस मात्र आपल्या मर्जीने तापतो. प्रोब पिंपाच्या बाहेरच्या अंगाला, रसाच्या निम्म्या उंचीवर चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि त्यावर बबल रॅपच्या तीन-चार घड्या किंवा फोमचा जाड तुकडा लावावा. त्यामुळे त्याला हवा नव्हे, पिंपाची भिंत ‘दिसते’.

घाई होते ती यीस्ट घालताना. उकळलेला रस नळाच्या पाण्याने 20 अंशांपर्यंतच उतरतो. तेव्हाच यीस्ट घालून पिंप नंतर थंड करत नेले तर वाढ उबेत होऊन जाते आणि पुढच्या थंडाव्याने यीस्ट सुस्तावते. त्यापेक्षा झाकण लावून पिंप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, रस 9 अंशांवर आला की यीस्ट घालावे आणि मग 11 पर्यंत चढू द्यावे. थंडीत यीस्ट जास्त लागते. 20 लिटरला 11.5 ग्रॅमची दोन पाकिटे घालावीत. एकावर भागवू नये. मधे सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नये. तो गंधकाचा असतो आणि पुढे उडून जातो.

डायअसिटिल, म्हणजे बटरस्कॉचच्या गोळीसारखा वास, हा लागरचा नेहमीचा दोष. त्याचे पूर्वद्रव्य (ज्यापासून पुढे डायअसिटिल बनते ते द्रव्य) यीस्टच तयार करते आणि ऊब मिळाली तर यीस्टच तो दोष निस्तरते. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता; साखर संपते तशी ती उतरते) 1.048 आणि शेवटची 1.010 अपेक्षित असेल, तर ती मोजणारा हायड्रोमीटर 1.020 च्या आसपास आला की नियंत्रक 16-17 वर न्यावा आणि किमान तीन दिवस तिथेच ठेवावा. पुरेसे झाले का, हे कॅलेंडर सांगत नाही. त्यासाठी दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घ्यावी. एक ग्लास फॉइलने झाकून 60-70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा, मग गार करून दोन्हींचा वास घ्यावा. तापवलेल्या ग्लासाला लोण्याचा वास आला आणि दुसऱ्याला नाही, तर पूर्वद्रव्य अजून शिल्लक आहे. आणखी दोन दिवस थांबावे. दोन्हींना आला तरीही थांबावे. इथे उतावीळपणा केला तर बाटलीत दोष उमटतो आणि मग त्याला इलाज नसतो.

त्यानंतर रोज 2 अंश उतरवत 1-2 अंशांवर आणावे आणि तीन-चार आठवडे मुरू द्यावे. पिंप गार होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या, पाणी भरलेल्या झडपेतले) पाणी, त्यामागोमाग हवा आत खेचली जाते. म्हणून गार करायला लागण्यापूर्वी एअरलॉक काढून तिथे कार्बन डायऑक्साइडने भरलेला फुगा लावावा.

लेखात कायद्याचा उल्लेख हवा होता. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही, पण ती विकता येत नाही. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, घरच्यापुरते असले तरी. पुरवणी महाराष्ट्रातही वाचली जाते, तेव्हा हा खुलासा छापावा ही विनंती.

– एक वाचक, लेस्टर, इंग्लंड