शेकरूच्या वाटा दाखवणाऱ्या मामांना

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

माझा प्रकल्प अहवाल जमा झाला. ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला दोनच ओळी आल्या, म्हणून हे जाहीर पत्र.

भीमाशंकरला येणारा माणूस शेकरूची झुपकेदार शेपूट शोधतो. तुम्ही मला आधी फांद्या बघायला लावल्या. कुठल्या झाडाची फांदी कुठे टेकते, वेल कुठून कुठे गेलाय, घाबरलेलं शेकरू कुठून निसटेल. घरटं त्यानंतर! ते सापडायचंही बहुधा अशाच उंच झाडावर, ज्याचा शेंडा शेजारच्या झाडांत मिसळलेला असेल. आणि बारीक फांद्यांत, जिथे जड जनावराचा भार पेलत नाही. शेकरू सहा मीटरपर्यंत उडी मारतं हे मी वाचून आले होते. तुमचं त्यावर एकच म्हणणं, "चालत जाता येत असेल तर उडी कोण मारेल?"

एका शेकरूची घरटी अनेक, हेही तुम्ही दाखवलंत. ताजी पानं खोचलेलं घरटं चालू, वाळून विस्कटलेलं बहुधा सोडलेलं. रात्रीची झोप घरट्यात, पण दुपारी स्वारी फांदीवर पोट टेकून पसरलेली. त्यामुळे घरटी मोजली म्हणजे शेकरं मोजली असं होत नाही. हे वाक्य अहवालात ठळक छापलंय.

काळा गरुड शेंड्यांवरून संथ तरंगत आला तेव्हा तुम्ही नुसता माझा हात दाबलात. वरचं शेकरू फांदीला असं चिकटलं की दुर्बिणीतूनही सापडेना. ते दाट पानांखालीच का बसतं, हे मला तिथे कळलं.

हे अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. तरी रस्ता रुंद झाला की वरचं छत तुटतं आणि शेकरूला जमिनीवर उतरावं लागतं, कुत्र्यांच्या तावडीत. पाट्या लावणाऱ्यांनी एकदा मान वर करून पाहावं, असं मला फार वाटतं.

हिरडा वेचायच्या ऐन दिवसांत तुम्ही माझ्याबरोबर फिरलात, रोजी बुडवून. मामींनी भाकरी बांधून दिली ती वेगळीच. दोघांचे मनापासून आभार.

नकाशाची छापील प्रत पाठवते आहे. ओढ्याकाठच्या झाडांची नावं तुम्ही सांगितलीत तशीच लिहिली आहेत. देवराईच्या वरच्या अंगाला एक-दोन ठिकाणी शंका आहे, तेवढी बघून फोन करा.

तुमची भाची