हात माझ्याकडे वळवणाऱ्या काकूंना

काकू, नमस्कार.

गाण्याच्या एका कार्यक्रमात मी तुमच्या शेजारी बसलो होतो. तुमचं नाव मला माहीत नाही, विचारायचं राहूनच गेलं, आणि तुम्हाला मी आठवतही नसेन, कारण तुमच्या लेखी तुम्ही विशेष काही केलंच नव्हतं. पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय. तुमच्यापर्यंत पोचलं तर फारच छान.

मी कॉलेजमध्ये शिकतो, माझ्या विषयाचा कलेशी काही संबंध नाही, घरात गाणारं-वाजवणारंही कोणी नाही. तरी मनात होतं की कॉलेज संपायच्या आत सगळं एकदा बघून घ्यायचं, शास्त्रीय गाणं, कथक, नाटक, चित्रांची प्रदर्शनं, वेस्टर्न ऑर्केस्ट्रा, जे जे कानावर येईल तिथे जायचं आणि मुकाट्याने बसायचं. तर मी जात होतो. आणि खरं सांगायचं तर तुम्ही भेटायच्या आधी मी हे सगळं सोडून द्यायच्या बेतात होतो, कारण बहुतेक ठिकाणी मला एकच गोष्ट सांगितली जात होती, कधी तोंडाने कधी नजरेने, की हे तुझ्यासाठी नाहीये.

ऑर्केस्ट्राचंच सांगतो. पहिली मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा पहिला भाग, संपली, शेवट असा दणदणीत की अंगावर काटा आला, आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली तीन-चार डोकी एकदम मागे वळली. एकाने तोंडावर बोट ठेवलं, एकाने नुसतीच मान हलवली, ती मान हलवणं जास्त लागलं. बाहेर पडताना कोणीतरी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं की माहिती नसेल तर लोक येतात कशाला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. नंतर घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टची सिंफनी वाजली तेव्हा लोकांनी पहिल्या मूव्हमेंटच्या मधेच टाळ्या वाजवल्या होत्या, संपायची वाटसुद्धा बघितली नव्हती, आणि त्याचं मोझार्टला वाईट वाटणं सोडाच, त्याने आनंदाने वडिलांना पत्रात कळवलं, कार्यक्रम झाल्यावर आइस्क्रीम खाल्लं, जपमाळ ओढली आणि घरी गेला. बेथोवनच्या सातव्या सिंफनीचं तर १८१३ साली पहिल्यांदा वादन झालं तेव्हा लोकांनी दुसरी मूव्हमेंट परत वाजवायला लावली! म्हणजे ज्यांनी हे संगीत रचलं त्यांना चालत होतं, मधल्या टाळ्यांचा विटाळ नंतरच्या लोकांनी आणला. आजचा रिवाज वेगळा आहे, मान्य, शांतता पाळावी हेही मान्य, पण ते शांतपणे सांगता येत नाही का हो? "शेवटी वाजवतात इथे" एवढे तीनच तर शब्द आहेत.

चित्रांच्या प्रदर्शनात वेगळीच तऱ्हा. भिंतभर मोठं कॅनव्हास, नुसते दोन-तीन रंग एकमेकांत मिसळत गेलेले, मला बघायचं होतं मनापासून पण कुठून सुरुवात करायची तेच कळेना, म्हणून टेबलामागे बसलेल्या माणसाला विचारलं, तर तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "फील करायचं असतं." आणि एक छापील कागद दिला ज्यात अवकाश, विच्छेद, अस्तित्व असले शब्द होते आणि चित्राबद्दल एक ओळ नव्हती. मार्क रॉथको नावाचा एवढा मोठा चित्रकार, तो आपल्या मोठ्या चित्रांपुढे प्रेक्षकाने १८ इंचांवर उभं राहावं असं सांगायचा, म्हणजे इतकं जवळ की चित्राच्या कडा दिसायच्या बंद होतील आणि रंगच सगळीकडून येईल. हे किती साधं आहे, कोणालाही करता येण्यासारखं! इथे उभा राहा म्हणाला असता तो माणूस तर माझी ती अख्खी दुपार वाचली असती.

आणि शास्त्रीय संगीत कसं ऐकावं या विषयावरच्या एका व्याख्यानालाही मी गेलो होतो, वही घेऊन. घराण्यांची नावं, कोण कोणाचा शिष्य, कोण कोणाचा गुरुबंधू, किस्से, आणि अख्ख्या व्याख्यानात एक सूर ऐकवला नाही. वही भरली, कान रिकामेच राहिले.

असा मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलो होतो काकू.

बडा ख्याल, म्हणजे रागातलं संथ लयीचं लांब गाणं, सुरू झाला. आवाज सुंदर होता एवढं कळत होतं, पण थोड्या थोड्या वेळाने सगळं सभागृह एकदम "वा" म्हणायचं, माना एकदम डोलायच्या, आणि नेमकं काय झालं हे मला सोडून सगळ्यांना माहीत असायचं. ते फार एकटं वाटतं हो. काहीतरी डोळ्यांदेखत घडतंय आणि आपल्यालाच दिसत नाहीये. मी मग गायकाकडे बघायचं सोडून लोकांकडे बघायला लागलो, की यांना कुठून कळतंय, आणि तेव्हा तुमचा हात दिसला. मांडीवर होता, अर्धा पदराखाली, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. करंगळीची तीन पेरं, मग अनामिकेची तीन, मग मधलं बोट, मग तर्जनी. इतका सावकाश की आधी मला वाटलं तुम्ही जप करताय.

मी टक लावून बघतोय हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, हसला नाहीत, "कळतंय का" असं विचारलं नाही. तुम्ही फक्त हात मांडीवरून उचलून दोघांच्या खुर्च्यांमधल्या दांड्यावर ठेवलात आणि तळवा माझ्याकडे वळवलात. बस एवढंच. आणि मोजत राहिलात, नजर स्टेजवर.

मला तो क्षण अजून जसाच्या तसा दिसतो. चार बोटं, प्रत्येकावर तीन पेरं, बारा मात्रा, म्हणजे तालातले बारा ठोके. विलंबित एकताल, म्हणजे तोच बारा मात्रांचा ताल, संथ लयीत. धिं, धिं, धागे, तिरकिट. चौथ्या मात्रेला, म्हणजे अनामिकेच्या पहिल्या पेरावर, तबल्यात ते तिरकिट यायचं आणि तुमचा अंगठा तिथे जरा जास्त दाबला जायचा, मग तू, ना, कत्, ता, धागे, आणि दहाव्या मात्रेला, तर्जनीच्या पहिल्या पेरावर, परत तिरकिट, परत अंगठा दाबलेला. दोन-तीन आवर्तनं, म्हणजे त्या बारा मात्रांचे फेरे, नुसता तुमचा अंगठा आणि तबला एवढंच बघत-ऐकत होतो. एकेका पेरावर अंगठा चार-पाच सेकंद थांबायचा, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचं, आणि मी इतका वेळ त्या मिनिटात हरवलेला माणूस होतो, सुरुवात कुठे शेवट कुठे काही पत्ता नसलेला. आता एकदम हातात नकाशा आला.

मग ते झालं. गायक आलाप करत कुठच्या कुठे गेलेला, तबल्याकडे त्याचं लक्षच नाही असं वाटत होतं, तुमचा अंगठा तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर पोचला तरी तो तिकडेच, मला खरंच धास्ती वाटली की आता चुकणार हा, आणि शेवटच्या पेरावर त्याने मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, उचलला आणि तुमचा अंगठा करंगळीवर टेकला त्याच क्षणी तो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आला. आणि "वा" माझ्या तोंडून गेलं. सगळ्यांच्या बरोबर, नंतर नाही. मी कोणाचं बघून म्हटलं नव्हतं! तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान डोलावलीत.

मध्यंतरात तुम्ही एवढंच म्हणालात, "तिरकिटवर लक्ष ठेवायचं, बाकी येतं हळूहळू." मी आभार मानायला तोंड उघडेपर्यंत तुम्ही ओळखीच्या कोणाशी बोलायला निघून गेलात आणि परत आलात तेव्हा दिवे मंद झाले होते.

काकू, मला राग अजून ओळखता येत नाहीत. यमन आणि त्याचे शेजारी मला सारखेच वाटतात. पण तुमच्या त्या हातानंतर मी कुठल्याच कार्यक्रमाला बाहेरचा म्हणून बसलेलो नाही. कथकला गेलो तेव्हा साथीला तो लेहरा असतो ना, तीच एक ओळ पुन्हा पुन्हा, आधी मला त्याचा कंटाळा यायचा, आता कळलं की तो सगळ्यांना जागा दाखवत असतो. तीनतालाच्या १६ मात्रा, एकेका बोटावर चार, पेरं तीन आणि चौथं बोटाचं टोक. नर्तकीने आधी बोल म्हणून दाखवले, मग तेच पायांनी काढले, आणि तिहाईमध्ये तोच तुकडा तीनदा येऊन तिसऱ्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर पडलं तेव्हा माझा अंगठा तिथे आधीच जाऊन थांबलेला होता. तो आनंद काय असतो ते तुम्हाला मी काय सांगणार.

ऑर्केस्ट्रालाही परत गेलो, मुद्दाम गेलो. या वेळी कंडक्टरचा हात बघत बसलो. चारच्या ठेक्यात त्याचा हात खाली येतो तो पहिला, मग आत, मग बाहेर, मग वर, परत खाली. खाली येणारा हात म्हणजे सुरुवात. आपल्या समेसारखं सगळं तिथे येऊन सुटत नाही, ते गणित वेगळंच आहे, पण हात बघितला की वाट सापडते हे तुमच्यामुळे माहीत होतं. आणि त्या रंगांच्या चित्रापुढे जाऊन इतका जवळ उभा राहिलो की रखवालदार अस्वस्थ झाला, पण लाल रंगाच्या खाली आधीचा एक जांभळा थर आहे आणि कडेला तो डोकावतो हे मला कोणीही न सांगता दिसलं. नाटकांचं माझं आधीपासूनच बरं होतं, तिथे निदान भाषा आपली असते.

मी खूप विचार केलाय की तुमचं ते करणं मला इतकं का लागलं. एक तर तुम्ही मला शिकवलं नाहीत. शिकवायला लागला असता ना, कुजबुजत का होईना, तर मी शिष्य झालो असतो आणि गाणं बाजूला राहिलं असतं. तुम्ही तुमचं ऐकणं एका क्षणासाठीही थांबवलं नाहीत, त्यातच मला सामील करून घेतलंत. आणि दुसरं म्हणजे तुम्हाला माझ्या न कळण्याची लाज वाटली नाही. इतर ठिकाणी ज्यांनी ज्यांनी मला नजरेने हाकललं ते सगळे जाणकार होते, त्यांचं ज्ञान खोटं नव्हतं, पण ते ज्ञान त्यांनी कुंपणासारखं वापरलं. तुमचं ज्ञान त्यांच्यापेक्षा कमी असेल असं मला अजिबात वाटत नाही, त्या अंगठ्याला एकदाही शोधावं लागलं नाही. तरी तुम्ही थोडं सरकून जागा केलीत. कार्यक्रमांना पोरं येत नाहीत, हॉल रिकामे पडतात अशी तक्रार मी पुष्कळ ऐकतो, तीच माणसं करतात बऱ्याचदा. येतात हो पोरं. एकदा येतात, मागे वळलेली डोकी बघतात आणि परत येत नाहीत. मी परत आलो ते तुमच्यामुळे.

असं सभ्य वागायला फार काही लागत नाही आणि तरी ते दुर्मिळ आहे. गाडीत सरकून बसणारे, अनोळखी माणसाला न विचारता फॉर्मची रिकामी जागा बोटाने दाखवणारे, अशी माणसं मला आता जास्त दिसायला लागली आहेत, आधी मी बघतच नव्हतो बहुतेक.

मनापासून आभार काकू. फार फार आभार.

आणि एक विचारायचंय, भेटलात तर विचारीन, नाहीतर वाचून कोणाकडून तरी निरोप धाडा. झपतालाच्या १० मात्रा मी माझ्या माझ्या बसवल्यात, करंगळीवर दोन, अनामिकेवर तीन, मग परत दोन आणि तीन, ते छान जमतं. पण सात मात्रांच्या रूपक तालात अडतोय. तीन-दोन-दोन अशी विभागणी बोटांवर बसते, पण तिथे समेलाच 'खाली', म्हणजे तालातली रिकामी जागा, असते, तबल्याचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, गप्प आणि गाणारा मात्र तिथेच येऊन टेकतो, तर तुम्ही तिथे अंगठा दाबता की उचलता?