गोल म्हणजे नक्की कुठला गोल?

सोन्या,

काल फोनवर तू रडकुंडीला आलेलास आणि मी कामात होतो म्हणून 'बघू नंतर' करून फोन ठेवला, ते काही बरं नाही झालं. रात्री आईने पेपरचा फोटो पाठवला. मार्कांचं जाऊ दे रे, पण मार्क कुठे गेलेत ते बघून मला खरं तर हसूच आलं, कारण त्यात निम्मी चूक आपल्या बोलण्याची आहे.

आपण घरात काय म्हणतो बघ ना. नाणं गोल, चेंडू गोल, पाण्याची टाकी पण गोल. मग डब्याचं चित्र आल्यावर तू 'गोल' लिहिलंस तर नवल काय! पण गणितात तिघांची तीन नावं. कागदावर कंपासने काढलंस ते वर्तुळ, चेंडू तो गोल, आणि डबा म्हणजे वृत्तचिती, वर-खाली वर्तुळं आणि मधे गुंडाळलेली भिंत. आणि नाण्याला जाडी असते म्हणजे खरं बघितलं तर तेही वर्तुळ नाहीच, बुटकी वृत्तचिती आहे. (हे बाईंना लगेच ऐकवायला जाऊ नकोस.)

गुंडाळलेली म्हणजे काय ते बघायचंय? टिशू रोल संपला की पुठ्ठ्याची नळी टाकू नकोस. ती कात्रीने सरळ उभी कापून सपाट केलीस की आयत मिळतो. आता दुसरी नळी घे, तिच्यावर एक तिरका सांधा दिसेल, त्या सांध्यावरून कापत गेलास तर समांतरभुज चौकोन निघतो, नळी तशीच, फक्त कात्री वेगळी फिरली! चेंडूचं मात्र असं होत नाही, त्याला गिफ्ट पेपर गुंडाळून बघ, कितीही नीट केलं तरी चुण्या पडणारच. गाउस नावाच्या गणितज्ञाने १८२७ मध्ये दाखवून दिलंय की गोलाचा पृष्ठभाग न ताणता न फाडता सपाट करताच येत नाही, म्हणून तर भिंतीवरच्या जगाच्या नकाशात काही ना काही चुकलेलं असतंच.

दुसरी चूक त्या टोकावर उभ्या चौरसाची. तू 'डायमंड' लिहिलंस. अरे, मी आत्ता आडवा पडून लिहितोय म्हणून मी तुझा बाबा राहिलो नाही का? वहीच्या पानाचा कोपरा घे आणि आकृतीच्या कोपऱ्यात बसवून बघ, चपखल बसला तर काटकोन. चारही ठिकाणी बसला आणि बाजू सारख्या, की तो चौरस, मग कसाही ठेव. पत्त्यातल्या चौकटला हेच करून बघ, कोपरा बसणार नाही, तो साधारण समभुज चौकोन.

घनाच्या कडा तू १० लिहिल्यास. चित्रात मागच्या लपतात त्यामुळे होतं असं, मी पण तुझ्याएवढा असताना ९ मोजल्या होत्या! हातात फासा धर आणि वरच्या ४, खालच्या ४, उभ्या ४ अशा मोज, १२ झाल्या. पृष्ठं ६, कोपरे ८. आता कोपऱ्यांत पृष्ठं मिळव आणि कडा वजा कर, २ येतात. चौकोनी तळाच्या पिरॅमिडला ५ कोपरे, ५ पृष्ठं, ८ कडा, परत २च. का येतात ते आल्यावर सांगतो, पत्रात नाही जमायचं.

तोवर एक काम. सहा सारखे चौरस एकमेकांना चिकटून असे काढायचे की कापून दुमडल्यावर बंद घन झाला पाहिजे. फिरवून किंवा उलटवून तोच दिसला तर एकच धरायचा. एकूण ११ प्रकार आहेत. मला काल रात्री ९च सापडले, उरलेले दोन तू शोधून ठेव, मी शनिवारी येतोय.

तुझा,
बाबा