रॅम्प ओतण्याआधी एवढं बघा

लीड्स, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाचनालयाच्या दुरुस्तीचा नकाशा पाहिला. पत्रे, रंग, कपाटं, सगळं ठीक आहे. दारापुढचा सहा फुटी रॅम्प मात्र चालणार नाही. त्यावरून स्कूटर चढेल, व्हीलचेअर नाही.

गवंड्याला एकच सांग: एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंची तीन पायऱ्या म्हणजे 18 इंच, म्हणजे 18 फूट. शिवाय वर दारापाशी आणि खाली पायथ्याशी खुर्ची वळवायला 5-5 फूट सपाट. सलग 28 फूट मिळत नसतील तर 9 फूट चढ, मग 5 फुटांचा सपाट टप्पा, आणि वळून पुन्हा 9 फूट. पायऱ्या मोजून उंची धरू नका. अंगण रस्त्याकडे उतरतं, त्यामुळे रॅम्पचा पायथा पायरीच्या पायथ्यापेक्षा चार इंच खाली गेला की चार फूट जास्त लागतात. पाण्याची नळी लावून लेव्हल घ्या. रॅम्प फसतात ते इथेच. लांबी कमी पडली की शेवटचे दोन फूट उभेच्या उभे ओतून सगळे मोकळे होतात.

कठड्यांच्या मध्ये 4 फूट मोकळे हवेत. कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि चढतानाची उजवी बाजू उतरताना डावी होते. पाईप दीड इंची घ्या, एक 28 इंचांवर, एक 36 इंचांवर. ग्रॅनाईटचा हट्ट सोडा. खानापूरच्या पावसात त्यावर धडधाकट माणूसही घसरेल, आणि उघडा जांभा शेवाळ धरतो. काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. पायथ्याच्या गटारावरच्या जाळीची फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको, नाहीतर खुर्चीचं पुढचं लहान चाक तिच्यात अडकतं.

दाराची चौकट 3 फुटांची असली म्हणजे वाट 3 फुटांची होत नाही. दार उघडून उरलेली जागा मोजा, ती 3 फूट भरली पाहिजे. उंबरठा काढावा लागेल. कमिटीत वाद होईल, होऊ दे. पुस्तकं देण्याघेण्याचं टेबल 30-32 इंच उंच आणि खालून मोकळं ठेवा, गुडघे आत गेले पाहिजेत.

संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कमोड 18-19 इंच उंच, एका बाजूला भिंतीवर दांडी, दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला 3 फूट मोकळे. इथे इंग्लंडात अशा संडासांत मदतीची लाल दोरी असते. ती जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबायला हवी, पण झाडूत येते म्हणून सफाईवाले वर बांधून टाकतात, मग खाली पडलेल्याच्या हाताला ती लागत नाही. आपल्याकडे तिथे खुर्च्या आणि सतरंज्या रचल्या जातील, ते आधीच बंद कर.

पाट्या कन्नड-मराठी होतीलच. दोन्हींत मोठी अक्षरं बसतील एवढी पाटी घ्या, चकचकीत नको. दारांवर ब्रेलही लावा. भारतीय भाषांसाठी सामाईक असलेल्या भारती ब्रेलमध्ये क, ग, म यांचे ठिपके दोन्ही भाषांत तेच आहेत. आणि व्हॉट्सॲपवर सूचनाफलकाचा फोटो टाकता, तो अंध वाचकाचा फोन नीट वाचत नाही. तोच मजकूर खाली टाईप करा. जुन्या फॉन्टातली फाईलही नको, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं ॲप, ती काहीबाहीच वाचतो.

'आपली संस्था खासगी आहे' असं कोणी म्हणालं तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखव. लोक वापरतात ती खासगी इमारतही त्यात सार्वजनिकच धरली आहे.

लेव्हल घेतलीस की आकडे कळव. तोवर खडी-वाळू उतरवून घेऊ नका.

आई-आबांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझी,
धाकटी