सव्वा महिना मी इथेच राहते

प्रिय आई, बाबा,

फोनवर मला रडू येईल म्हणून लिहितेय. आधी हे सांगते की बाळ छान आहे, मीही बरी आहे, पण सव्वा महिना व्हायच्या आत मी तिकडे येणार नाहीये. आमचं ठरलंय. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, पुढचं वाच.

'जरा अशक्तपणा आहे' म्हणाले होते ना, ते पूर्ण खरं नव्हतं. अकराव्या दिवसापर्यंत अंगावरचं जाणं कमी होऊन तपकिरी झालं होतं, मला वाटलं झालंच आता, आणि त्या दुपारी एकदम लालभडक सुरू झालं, तासाभरात अख्खं पॅड भिजलं, मग दुसरं, लिंबापेक्षा मोठी गाठ पडली, उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी. तुमच्या जावयाने शेजारच्यांची गाडी काढली, वीस मिनिटांत दवाखान्यात. सोनोग्राफीत वारेचा तुकडा आत राहिलेला दिसला, त्यामुळे पिशवी नीट आवळत नव्हती. भूल देऊन साफ केलं, एक बाटली रक्त चढवलं.

बाबा, तुम्हाला माईआत्या आठवली असेल. मलाही तीच आठवली, म्हणूनच तेव्हा कळवलं नाही. चुकलं माझं.

आई, तू म्हणायचीस जाऊ दे, अंगावरून गेलेलं चांगलं, ते काही खोटं नाही गं. पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, मग पिवळट, असं चार ते सहा आठवडे थोडंथोडं जातंच, पाजताना कळ येऊन जरा जास्त जातं तेही पिशवी आवळते म्हणूनच. पण कमी झालेलं परत लाल होऊन वाढलं, वास यायला लागला, ताप आला, तर थांबायचं नसतं. आता सांग, हेच रात्री आपल्या घरी झालं असतं तर? चिपळूणपर्यंतच तास जातो, आणि कुंभार्ली घाटात गाडीत काही झालं असतं तर मी काय केलं असतं? तुमच्याकडे काही कमी पडेल म्हणून नाही हो, फक्त ह्या अंतरासाठी.

इथे सगळं होतंय. मालीशवाली मावशी बाळासाठी रोज येते, माझं पोट मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बांधायचं नाही. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा लांब ठेवते. अळिवाची खीर सासूबाई करतात, चांगली होते, पण तुझ्यासारखा ओल्या नारळाचा वास नाही येत. काल ताप नव्हता तरी उगाच वाटलं, बाबांनी कपाळावर हात ठेवावा आणि तू मऊ भात, मेतकूट कालवून भरवावंस.

आता ऐका. रात्रीच्या एसटीने निघायचं नाही. आई, गुडघे सांभाळ, बीपीची गोळी चुकवू नकोस. डिंकाचे लाडू दादाबरोबर पाठव, साजूक तुपातलेच, डबा मोठा घे. बाबा, पाण्याचे हंडे तुम्ही उचलायचे नाहीत, सांगून ठेवतेय. सहा आठवड्यांची तपासणी झाली की मी बाळाला घेऊन येते, दिवसाउजेडी. पाळणा माळ्यावरून काढून उन्हात ठेवा तोपर्यंत.

तुमची,
ताई