हायड्रेट प्लगविषयी मुक्तास पत्र

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही पाइपलाइन गोठून कशी बंद पडते, असे तू विचारले आहेस. दाब पुरेसा असला की पाण्याचे रेणू मिथेन, इथेन, प्रोपेन अशा लहान वायुरेणूंभोवती पिंजरे रचतात आणि बर्फासारखा दिसणारा घन हायड्रेट तयार होतो. शुद्ध मिथेनला ४ अंश सेल्सिअसला सुमारे ४० बार दाब पुरतो, प्रोपेन मिसळलेले असल्यास त्याहूनही कमी. आणि खोल समुद्रतळावरच्या वाहिन्यांत एवढी थंडी व एवढा दाब नेहमीचाच असतो. वायुवाहिन्या तुंबवणारा पदार्थ हाच आहे, हे हॅमरश्मिट या संशोधकांनी १९३४ मध्ये दाखवून दिले.

तेलाच्या वाहिनीत पाणी थेंबाथेंबांनी विखुरलेले असते. प्रत्येक थेंबावर आधी हायड्रेटचे पातळ कवच धरते, मग उरलेल्या पाण्यामुळे हे कण एकमेकांना चिकटत जातात, प्रवाह जड होतो आणि अखेर प्लग, म्हणजे वाहिनी तुंबवणारा घट्ट बुच, बसतो. विहिरीतून येणारे तेल गरम असते, त्यामुळे प्रवाह अखंड चालू असताना धोका कमी. मला खरी काळजी वाटते ती बंद ठेवलेली वाहिनी पुन्हा सुरू करण्याच्या वेळेची, कारण तोवर ती थंडावलेली असते, पाणी सखल भागांत साचलेले असते आणि वायू त्यातून घुसळत जातो. म्हणून हायड्रेट बनू न देणारे मिथेनॉल किंवा ग्लायकॉल आधीच सोडावे. चोक व्हॉल्व्हवरही, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या झडपेवरही, लक्ष असू दे. तेथे वायू एकाएकी प्रसरण पावून थंड होतो.

प्लग बसलाच, तर उत्पादन थांबले म्हणून कितीही तगादा लागला तरी घाई करू नकोस. एकाच बाजूचा दाब उतरवल्यास सैल झालेला प्लग बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि वळणावर पाइप फोडू शकतो. प्लगला मधल्या भागात उष्णता देणेही तितकेच घातक आहे: एक घनमीटर हायड्रेटमध्ये वातावरणीय दाबाला सुमारे १६० घनमीटर भरेल इतका वायू असतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. दाब दोन्ही बाजूंनी, हळूहळू उतरवावा, म्हणजे सभोवतालच्या उष्णतेने प्लग पाइपच्या भिंतीलगत वितळू लागतो. याला कधीकधी आठवडेही लागतात. एका वाहिनीत अनेक प्लग असू शकतात आणि त्यांच्यामध्ये दाब कोंडून राहतो, तेव्हा केवळ टोकांच्या दाबमापकांवर विसंबून कोणालाही वाहिनी उघडू देऊ नकोस.

तुझी,
आई